मेथीच्या जुडीचं सूत

अमडापूर
२१ जानेवारी १९६२

चि. सौ. अन्नपूर्णाले तुळशीरामचा आशीर्वाद.

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिला. खरं सांगू तं तुले आशीर्वाद द्यायले माह्यं तोंड राह्यलं नाही.

तू बाजारातून घरी आली, पेटीचरखा उचलला अन् खामगावच्या बसमध्ये तो मांडीवर घेऊन बसली, हे सारं मले माह्या दोस्तानं, कडूबानं सांगितलं. बायको माहेरी गेल्याचं नवऱ्याले गावानं सांगावं! पण बोलू कोणाले? माय दोन दिवस तुह्यावर कावली. "सुतापायी घर सोडणारी सून म्या पयल्यांदाच पाह्यली," म्हणे. मंग माह्यावर कावली. आता कोणावरच कावत नाही, भाकर थापते अन् थाळी पुढं सरकवते. ते जास्त जड जाते.

झालं ते घाईत झालं, अन्नपूर्णा. मेथी उपटून, धुऊन वट्ट्यावर पडली होती. बंडी जुपली होती. सुतळी सरली होती अन् केळीचं सोपट हातात धरलं का मोडत होतं. खुंटीवर तुह्या सुताच्या गुंड्या दिसल्या. हात गेला. जुड्या बांधल्या. एवढंच.

ते सूत मामाजींच्या, तुह्या बाबांच्या, धोतराचं होतं हे मले मालूम होतं, नाही म्हणत नाही. मामाजी बेचाळीस साली जेलात गेले तवापासून घरच्या हातानं कातलेल्या सुताशिवाय कापड अंगाले लावत नाहीत, हे तं आपल्या लग्नाच्या बोलणीतच निंघालं होतं. सासूबाई होत्या तवर त्या कातत. आता मामाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, म्हणून तू कातत होती. सालभर कातत होती. घाईत मले ध्यान राह्यलं नाही.

चूक झाली, माफ कर. बुधवारच्या बसनं ये. फाट्यावर बंडी घेऊन उभा राहीन. मामाजींले नमस्कार सांग.

तुळशीराम

*

जळगाव जामोद
२ फेब्रुवारी १९६२

अन्नपूर्णाचा नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. बाबा म्हणाले, वाचून दाखव. "सगळे खुशाल आहेत, मेथी चांगली झाली," एवढंच वाचलं अन् बाकीचं पोटात ठेवलं. शरम तुमाले वाटायची होती, ती माह्या वाट्याले आली.

घाईत माणूस सदरा उलटा घालते, पायताण दुसऱ्याचं घालते. घाईत कोणी गुंडी सोडून, एकेक तार तोडून, एकेका जुडीले गाठ मारत बसत नाही. हात असा आपोआप जात नाही कोणाचा.

अन् पत्रात एक वाक्य काऊन नाही लिहिलं? मी बाजारात तुमच्या ढिगापाशी उभी राह्यली, जुडी हातात घेतली. कडूबा बाजूलेच होते. तुम्ही माह्याकडं पाहून काय म्हटलं? "घ्या बाई, आज जुडीवर खादी फुकट!" कडूबा हसले. तुम्ही हसले. जुडी घेतलेली एक बाई हसली, तिनं तार सोडून नालीत फेकली अन् मेथी पिशवीत टाकली. ती तार एक बकरी चघळून राह्यली होती. माह्या बापाचं धोतर बकरी चघळत होती अन् माह्या नवऱ्याले हसू आवरत नव्हतं. ते काऊन नाही लिहिलं?

बाबा ठिगळ लावलेलं धोतर नेसून बाजारात जातात. कोणी विचारलं तं म्हणतात, "यंदा जरा उशीर झाला." पण बसमधून माणसं येतात तशा गोष्टीही येतात. परवा एकानं तोंडावर विचारलं, "महादेवराव, तुमचं धोतर मेथीले गेलं म्हणे?" बाबा हसले. मी पाठीमागं पिशवी धरून उभी होती. जमीन फाटली असती तं गेली असती.

त्या खुंटीवर तुमच्या हातानं कातलेल्या गुंड्या लटकतील, एका धोतरापुरत्या, त्या दिवशी मी येईन. मायच्या हातच्या नाही, खादी भांडारातून आणलेल्या नाही, तुमच्या हातच्या. चरखा मी आणला आहे, तो मिळणार नाही. कोनाड्यात माही टकळी आहे, पितळी चकतीची. ती घ्या.

अन्नपूर्णा

*

अमडापूर
२० फेब्रुवारी १९६२

चि. सौ. अन्नपूर्णाले आशीर्वाद.

ते वाक्य लिहायले कलम उचलली होती. हात पुढं गेला नाही. त्याच्यावर आता आणखी काई लिहित नाही, लिहिलं तं कागद काळा होईन फक्त.

टकळी घेतली. ढोराच्या कोठ्यात बसतो, दार लावून घेतो. घरात बसलो तं माय पाहते, वट्ट्यावर बसलो तं गाव पाहते. बैल पाहतात, पण ते कोणाले सांगत नाहीत.

आधी कापूस पिंजून आणायले गेलो. पिंजारी म्हणे, "गादी का उशी?" म्या म्हटलं, उशी. आता तो रस्त्यात भेटला का विचारते, "काय तुळशीरामभाऊ, झोप लागते का उशीवर?" तुरीच्या काडीवर कापूस गुंडाळून पेळू केले, तुले करताना पाह्यलं होतं तसे. तुह्ये पेळू बोटासारखे सारखे होत, माह्ये अळ्यांसारखे झाले, कोणी बारीक तं कोणी पोट फुगलेली.

तार निंघते, पण काय तार बाप्पा! विताभर इतकी जाड का बैल बांधावा, अन् पुढच्या वितीत माशीचा पाय बांधला तरी तुटंन. तुटली का टकळी खाली पडते अन् शेणात जाते. ती धुऊन आणतो, बसतो, पुन्हा पडते. कांद्याची रोपं लावून कंबर मोडली नाही तेवढी या एवढ्याशा काडीनं मोडली. या हातानं वखर धरला, मोट हाकलली, अन् कापूस मले ऐकत नाही.

तू किती सहज कातत होती. मले वाटे, बसल्या बसल्या करमणूक आहे बाईची. काय म्हणत होतो म्या तुले? "चालली तुही भिंगरी." आठवलं का कान गरम होतात.

कसं धरू ते लिही. पाया पडतो म्हटलं असतं, पण तू ओरडशीन.

तुळशीराम

*

जळगाव जामोद
६ मार्च १९६२

नमस्कार वि. वि.

तुम्ही पेळू दाबून धरता. मी न पाहता सांगते. तुमची सवयच आहे दाबून धरायची.

कारल्याचा वेल मांडवावर चढवताना तुम्ही शेंडा कसा धरता? दाबत नाही ना? मोडंन म्हणून नुसता बोटाच्या आधारानं नेता. पेळू तसा धरा. चिमटीच्या बोटाले चुलीतली राख लावा, टकळी घसरणार नाही. टोक वाटीत टेकवा, म्हणजे शेणात जाणार नाही. अन् फिरवली का लगेच ओढू नका. पीळ वर चढू द्या, तो चढताना बोटाले समजते. तो आला का पेळू हळूच मागं घ्या. तुमाले घाई नडते. कारल्याले तुम्ही घाई करत नाही, बायकोले अन् सुताले काऊन करता?

तुटली तं शिव्या द्यायच्या नाहीत. दोन्ही टोकं जराशी उकलून एकावर एक ठेवा अन् पीळ द्या. मिळते.

मी शिकली तेव्हा आई माह्यं सूत पाहून तोंड फिरवून हसायची. बाबा नाही हसले. माह्या पहिल्या सुताची त्यांनी कंदिलाले वात केली अन् म्हणाले, "बघ, उजेड पडला." म्हणून मी पुढं कातलं.

एक गोष्ट माह्याकडून होऊन गेली. तुमचं पत्र आलं तेव्हा बाबा जवळच होते, अन् मले हसू आलं. पिंजाऱ्याचं वाचून. बाबा म्हणाले, काय लिहिलं? मी सांगितलं, जावई सूत कातून राह्यले तुमच्या धोतरासाठी. तेव्हापासून बाबांचा पाय घरात ठरत नाही. न्हाव्याले सांगितलं, वाण्याले सांगितलं, देवळातल्या लोकांले सांगितलं. "शेतकरी माणूस, टकळी घेऊन बसतो!" म्हणून. आता माघार घ्यायची नाही, एवढं ध्यानात ठेवा.

अन्नपूर्णा

*

अमडापूर
२९ मार्च १९६२

चि. सौ. अन्नपूर्णाले आशीर्वाद.

राख लावली, वाटी घेतली, कारलं ध्यानात ठेवलं. तार निंघाली. लांब नाही, पण हातभर तं निंघाली, अन् सांधा दिला तं मिळाली. त्या दिवशी म्या बैलाले म्हटलं, पाह्य बे!

पण कडूबानं दाराच्या फटीतून पाह्यलं. मंग काय, सारं गाव झालं. होळीच्या दुसऱ्या दिवशी सोंगं निंघतात, तुले मालूम आहे. यंदा माह्यं सोंग काढलं. कडूबा लुगडं नेसला, कपाळावर आठाण्याएवढं कुंकू लावलं, अन् माह्याच वावरातलं वांगं काडीले खोचून टकळी केली. मारुतीच्या पारापासून वेशीपर्यंत कातत गेला. मागून पोट्टे वरडत, "तुळशाबाई, धोतर झालं का?" बाया दारात येऊन तोंडाले पदर लावून हसत होत्या. आपल्या घरासमोर येऊन तो माह्या मायच्या पाया पडला. "सासूबाई, आशीर्वाद द्या, नवऱ्यानं मेथी बांधायले लावली!" म्हणे.

माय आत गेली. म्या तिथंच उभा राह्यलो. मारू का, पळू का, काई समजेना. मंग मले "खादी फुकट" आठवलं. तवा कडूबा हसला होता तो माह्या बोलण्यानं. त्याले हसायले म्याच शिकवलं होतं. कोणाले मारू?

दुसऱ्या दिवसापासून वट्ट्यावर बसून काततो. पयले तीन-चार दिवस मान वर झाली नाही. आता लोक पाहून कंटाळले. पिंजारी येऊन बसते अन् माह्ये पेळू तोच करून देते. उशीचं काई विचारत नाही.

गावातले गुलाबराव बैल पाहायले जळगाव जामोदले चालले, त्यांच्याजवळ गुंड्या पाठवतो. रात्रीही कंदील लावून कातलं, अन् तार जाड, म्हणून धोतरापुरत्या लवकर भरल्या. तू म्हटलं होतं खुंटीवर लटकव, मंग येईन. पण मामाजी ठिगळाच्या धोतरात हिंडतात हे मले खुंटीकडं पाह्यलं का टोचते. खुंटी रिकामी राहू दे, आधी त्यांचं धोतर होऊ दे. सूत कसं आहे ते मले दिसते. तू नाव ठेवशीन तं ठेव.

तुळशीराम

*

पोस्टकार्ड
जळगाव जामोद
११ एप्रिल १९६२

चि. तुळशीराम यांस महादेवरावांचे अनेक आशीर्वाद. अक्षर अन्नपूर्णेचे आहे, मजकूर माझा.

आपण पाठविलेले सूत श्री. गुलाबराव यांचेकडून पावले. डोळ्यांनी दिसत नाही, हाताने पाहिले. पहिल्या हाताचे सूत आहे, हे हाताला समजते. परंतु ज्या हाताने ते काढले त्या हाताची चिकाटीही समजली. आमच्या गल्लीतील विणकर पुंजाजी यांजकडे विणण्यास दिले आहे. बाजारात चारचौघांस सांगितले की, यंदाचे धोतर जावयाच्या हातचे. सर्वांस नवल वाटले. आपल्या मातोश्रींस नमस्कार.

ता. क. सूत पुंजाजीकाकांकडं गेलं. — अ.

*

जळगाव जामोद
२७ एप्रिल १९६२

नमस्कार वि. वि.

धोतर झालं. बाबा नेसले. इथं ऊन फार आहे, विहिरीचं पाणी खाली गेलं. आखाजीच्या सणाले येऊ नका, बसमध्ये गर्दी असते अन् तुमची कांद्याची काढणी राह्यली असंन. मीच पुढच्या महिन्यात काय ते पाहते.

मायची तब्येत सांभाळा.

अन्नपूर्णा

*

अमडापूर
२ मे १९६२

चि. सौ. अन्नपूर्णाले आशीर्वाद.

धोतर झालं! म्या ते पत्र मायले वाचून दाखवलं, पिंजाऱ्याले दाखवलं, अन् मामाजींचं कार्ड तं कडूबाच्या हातात देऊन म्हटलं, वाच बे मोठ्यानं. त्यानं वाचलं. "ज्या हाताने ते काढले त्या हाताची चिकाटी." कडूबा खाली मान घालून म्हणे, "तुळशीराम, त्या सोंगाचं मनात ठेवू नको." म्या म्हटलं, जाऊ दे. तालेवार माणसासारखं म्हटलं.

खरं सांगतो, सूत देताना मले भेव होता का ते मागावर चढते का नाही. चढलं म्हणजे म्या समजत होतो तेवढं वाईट नव्हतं. तू पत्रात जास्त लिहिलं नाही. तुह्या तोंडून कवतिक लवकर निंघत नाही, मले मालूम आहे.

तू येऊ नको म्हटलं ते गर्दीपायी, हे समजलं. पण माह्यानं राहवत नाही. मामाजींच्या अंगावर ते धोतर एकदा डोळ्यानं पाहीन. कांदा काढून झाला. आखाजीले येतो अन् तुले घेऊनच येतो. नवी गुंडी खुंटीवर लटकवून ठेवली आहे, तुही अट पुरी झाली.

तुळशीराम

*

अमडापूर
१० मे १९६२

अन्नपूर्णाले,

आशीर्वाद लिहित नाही.

तुमच्या दारातून न जेवता, न सांगता निंघून आलो. सणाच्या दिवशी जावई थाळीवरून गायब झाला, मामाजींले काय वाटलं असंन, तुह्या शेजारपाजारानं काय म्हटलं असंन, ते सारं बसमध्ये डोळ्यापुढं होतं. तरी माघारी वळलो नाही. काऊन गेलो ते सांगतो.

वट्ट्यावर मामाजी बसले होते, भोवती चार माणसं. माह्या आवाजावरून वळखलं, हात धरून जवळ बसवलं अन् लोकांले म्हणाले, "हे आमचे जावई. हे धोतर यांच्या हातचं." अन् धोतराचा सोगा माह्या हातात दिला. अन्नपूर्णा, म्या तो बोटात धरला अन् मले समजलं. माह्या सुतात गाठ नाही अशी एक वीत सापडायची नाही. ते कापड पाण्यासारखं होतं. लोक माह्याकडं पाहून राह्यले होते. म्या मान खाली घातली. एकजण म्हणे, "जावई लाजाळू आहे हो तुमचा."

पाय धुवायले म्हणून मागच्या अंगणात आलो. तू कुडापाशी होती, शेजारच्या बेबीताईले पोकळ्याची भाजी देत होती. भाजी सुटी होती. तू न पाहता खुंटीवर हात नेला, गुंडीतून तार ओढली, दातानं तोडली, जुडीले दोन वेढे दिले अन् गाठ मारली. जाड, बारीक, जाड. एवढ्या लांबून वळखू आलं मले. बेबीताई म्हणे, "दोरी मजबूत आहे वं." अन् तू हसली.

म्या तांब्या तिथंच ठेवला अन् मागच्या दारानं निंघालो.

तुह्यावर राग नाही. राग कशाचा धरू? त्या दिवशी बाजारात तू जुडी हातात घेऊन उभी होती, तवा तुह्या पोटात काय झालं असंन ते मले तवर समजलंच नव्हतं. चार महिने माफी मागत होतो अन् काय केलं तेच मालूम नव्हतं. आता समजलं. अन् तू तरी मले पाहून हसली नाही. म्या तुले पाहून हसलो होतो.

अन् घाई नव्हती. सुतळीचा बिंडा बंडीत पडला होता. राग होता. तू बापासाठी कातत बसते अन् मेथी म्या एकट्यानं उपटावी, हा राग. तुले ते पयल्या दिवसापासून मालूम होतं.

खुंटीवरची गुंडी काढून ठेवली. तुले ये म्हणायचं तोंड नाही.

तुळशीराम

*

जळगाव जामोद
१६ मे १९६२

साष्टांग नमस्कार.

तांब्या न्हाणीपाशी सापडला तेव्हाच मले समजलं, तुम्ही कुठं उभे होते अन् काय पाह्यलं. पत्र यायच्या आधीपासून मी तोंड लपवून राह्यली आहे.

पुंजाजीकाकांनी सूत दुसऱ्याच दिवशी परत आणलं. "पोरी, हे मागावर चढत नाही. तार ताणली का तुटते," म्हणाले. बाबांनी तवर सारा बाजार पालथा घातला होता सांगत. मी त्यांले कसं सांगू का तुमच्या जावयाचं सूत परत आलं? पुन्हा लोक विचारतील, महादेवराव, धोतराचं काय झालं? मी इथं आल्यापासून रोज चरख्यावर बसतच होती. मी कातलेलं अन् आईच्या पेटीतलं राहिलेलं, ते पुंजाजीकाकांले दिलं अन् म्हटलं, कोणाले सांगू नका. म्हणून तुमाले येऊ नका लिहिलं. मले वाटलं, लाज झाकली. तुमची, बाबांची अन् माही.

तुमचं सूत टाकवलं नाही. मागच्या खुंटीवर जपून लटकवलं, असं मी मनाले सांगत होती. जपून! अन् त्या दिवशी दोरी पायजे होती, हात गेला. बेबीताई बोलली, मी हसली, अन् घरात आली. मले आठवलंही नाही.

मी तुमाले काय लिहिलं होतं? हात आपोआप जात नाही कोणाचा. जाते. माहा गेला. तुम्ही रागात बांधल्या. राग आलेल्या माणसाले निदान ती वस्तू दिसते तरी. मले तं ते तुमचं सूत आहे हे दिसलंच नाही. तुमच्यावर चार महिने रुसायले मले चांगलं जमलं, अन् तुम्ही सोंगं सोसून कातलेलं मी पोकळ्याले बांधलं.

बेबीताईकडं तार मागायले गेली. तिनं ती शेळीच्या पिल्लाच्या गळ्यात बांधली होती. ती म्हणे, "दोरीचा एवढा काय सोस वं तुले?" काय सांगू तिले? तार सोडून आणली अन् पदराले बांधली आहे.

काल बाबांच्या पायाशी बसून तुमचं पत्र वाचून दाखवलं अन् सारं सांगून टाकलं. पुंजाजीकाकांचं, आईच्या सुताचं, पोकळ्याचं. बाबांनी धोतराचा सोगा बोटात धरून चाचपला. मंग म्हणाले, "शेजारच्या नारायणरावांना बोलव. मला अमडापूरला कार्ड लिहायचं आहे. तू लिहायचं नाही." काय लिहितात ते मले मालूम नाही. मले भेव वाटून राह्यला.

अट मी घातली होती. आता ती आठवायचंही माह्यं तोंड नाही.

तुमची
अन्नपूर्णा

*

पोस्टकार्ड
जळगाव जामोद
१७ मे १९६२

चि. तुळशीराम यांस महादेवरावांचे अनेक आशीर्वाद.

अक्षर शेजारचे नारायणराव यांचे. त्यांना बारीक लिहिता येते, म्हणून सर्व एका कार्डात बसेल. अन्नपूर्णेस लिहू दिले नाही, ती रडते व शाई पसरते. कार्ड मुद्दाम उघडे पाठवीत आहे. पोस्टमनने वाचावे, आणि आपले मित्र कडूबा यांनी ओट्यावर बसून मोठ्याने वाचावे.

धोतर अन्नपूर्णेच्या व तिच्या आईच्या सुताचे आहे, हे मला नेसल्याबरोबर कळले. डोळे गेले, बोटे आहेत. तिच्या आईचे सूत मी अठरा वर्षे अंगावर वागवले, ते मला ओळखू येणार नाही काय? पुंजाजींना विचारले, त्यांनी मुलीला दिलेला शब्द मोडून खरे सांगितले. तरीही मी गप्प राहिलो, आणि बाजारात तेच सांगत राहिलो. जावयाची फुशारकी मारण्याची हौस माझी. त्या हौसेपायी मुलीला खोटे वागावे लागले, आणि आपणास माझ्या ओट्यावर मान खाली घालावी लागली. माणसे "लाजाळू जावई" म्हणाली तेव्हा सोग्यावरची आपली बोटे थांबली होती, आणि ती का थांबली हे तेथे फक्त मला माहीत होते. या वयात एवढी शरम मला कधी वाटली नव्हती. आज सकाळी बाजारात जाऊन ज्यांना ज्यांना सांगितले होते, त्यांना खरे सांगून आलो. लोक हसले. हसू दिले.

आता दुसरे. आपले सूत पुंजाजींनी परत केले, त्यातील एक गुंडी त्यांचेकडे राहिली होती. ती मी मागून घेतली व तिला दुहेरी पीळ देऊन कमरेचा करदोडा वळला. त्याला जाडच सूत लागते, बारीक कातडीला काचते. अलीकडे कंबर राहिली नाही, धोतर घसरते. ते त्या करदोड्यात खोचतो, म्हणून चारचौघांत उभा राहू शकतो. आपण आलात त्या दिवशीही तो माझ्या अंगावर होता. सांगणार होतो, तोवर आपण उठून गेलात.

अन्नपूर्णा सोमवारच्या बसने निघत आहे. चरखा बरोबर आहे. बंडी फाट्यावर आणावी. काढून ठेवलेली गुंडी परत खुंटीवर लावावी, आणि मेथीसाठी घरात सुतळी भरपूर ठेवावी.

धोतर मी रोज सोडतो, रोज धुतो. सालभरात फाटेल आणि दुसरे येईल. करदोडा आपल्याकडे माणूस गेल्यावरच तोडतात.